मोकळी कोंबडी, बांधलेला धनी

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. ज्याने कुणी ही म्हण घडवली त्याने कधीतरी खरंच कोंबडं डालग्याखाली झाकून पाहिलं असणार, आणि ते पहाटे आतूनच आरवलं असणार. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली जवळजवळ हेच करून पाहिलं. त्यांनी कोंबड्यांना चोवीस तास एकसारख्या मंद उजेडात ठेवलं. बाहेर दिवस आहे की रात्र, हे कळायला काहीच वाव नव्हता. तरीही ते सुमारे २३.७ तासांच्या ठेक्याने आरवत राहिले. पहाटेचं घड्याळ कोंबड्याच्या अंगातच असतं. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पहिली बांग कळपातला मानाचा कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून आरवतात.

आजच्या अंड्यांच्या मोठ्या शेडमध्ये मात्र ही म्हण लागू पडत नाही. तिथे कोंबडा नसतोच, कारण खाण्याच्या अंड्यासाठी नराची गरज नसते. तांबडंही तिथे बटण दाबलं की फुटतं. अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तासांचा उजेड लागतो, म्हणून सूर्य कमी पडला की दिवे लागतात. कोंबडीचा दिवस कधी उजाडायचा आणि कधी मावळायचा, हे टायमर ठरवतो.

हा दिवस कोंबडीला परत द्यायचा तर काय करावं लागतं? परसात, बागेत किंवा कुरणावर कोंबड्या मोकळ्या पाळायच्या म्हटलं की अनेकांना वाटतं, दार उघडलं, कोंबड्या सोडल्या, झालं. पण ज्यांनी हे वर्षभर केलं आहे त्यांना विचारा. कोंबडी जितकी मोकळी, तितका तिचा धनी बांधलेला असतो.

उकरणारा पक्षी

कोंबडी कोण आहे हे कळल्याशिवाय तिला काय हवं ते कळत नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत राहणारा लाल रानकोंबडा हा आपल्या कोंबडीचा मूळपुरुष. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडमधल्या बान नॉन वाट इथले आहेत, इसवीसनापूर्वी १६५० ते १२५० या काळातले. माणूस भात आणि भरडधान्य पिकवू लागला, सांडलेले दाणे टिपायला रानकोंबड्या शेताच्या कडेला येऊ लागल्या आणि हळूहळू अंगणात शिरल्या, असा अभ्यासकांचा तर्क आहे. थोडक्यात, कोंबडीला आपण पकडून आणलं नाही. दाण्यामागे ती आपणहून आली.

या वंशावळीत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. पश्चिम घाटात फिरणाऱ्याला झाडीतून राखी रानकोंबड्याची तुटक बांग ऐकू येते. हा लाल रानकोंबड्याचा चुलतभाऊ. पाळीव कोंबडीच्या त्वचेला आणि पायांना पिवळा रंग देणारं जनुक लाल रानकोंबड्याकडून नव्हे, तर या राखी भावाकडून आलं, हे २००८ साली सिद्ध झालं. जगात कुठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्या पायांत दख्खनच्या रानाचा थोडा अंश आहे असं खुशाल म्हणावं.

जंगलातला हा पक्षी दिवसभर करतो काय? ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांनी मोकळ्या आवारातल्या रानकोंबड्यांचं निरीक्षण केलं. पक्षी हालचाल करत असताना दर शंभर मिनिटांपैकी साठ मिनिटांत त्यांनी जमिनीवर टोचलेलं दिसलं. पायाने पालापाचोळा मागे सारायचा, एक पाऊल मागे यायचं, मान वाकडी करून पाहायचं, टिपायचं आणि पुन्हा उकरायचं, हाच कोंबडीचा दिवसभराचा धंदा. समोर ताटली भरलेली असली तरी ती काही दाणे उकरूनच खाते. उकरणं ही तिची गरज आहे, निव्वळ भूक भागवण्याचं साधन नाही.

बाकीच्या गरजाही तितक्याच जुन्या आहेत. साधारण दिवसाआड ती दुपारच्या उन्हात कोरड्या मातीत वीस-पंचवीस मिनिटं लोळते. पिसांवरचं जुनं तेल आणि उवा त्या धुळीसोबत झडतात. चुलीची राख मिसळलेली माती मिळाली तर तिची चैनच. रात्री तिला उंचावर, दांडीवर बसायचं असतं, कारण जंगलात खाली झोपणारा पक्षी सकाळ पाहत नसे. अंडं घालण्याआधी ती अंधारा, आडोशाचा कोपरा शोधत घोटाळते. शिवाय तिला ओळखीचा कळप हवा असतो. कोण कुणाला टोचू शकतं याची उतरंड कोंबड्यांत असते, हे नॉर्वेच्या थॉर्लेफ शेल्डरूप-एबे यांनी १९२१ साली मांडलं. लहानपणी घरच्या कोंबड्या तासन् तास पाहत बसायचा नाद त्यांना त्यासाठी उपयोगी पडला.

पिंजऱ्यात काय हरवतं

आपल्याकडे पिंजरा पद्धतीत एका कोंबडीला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा मिळत आली आहे. कार्यालयातला ए-फोर कागद समोर धरा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ६२३ चौरस सेंटिमीटर भरतं. कागदाचा पाव भाग दुमडला की जे उरतं, तेवढ्यात तिचं सगळं आयुष्य. पंख पसरता येत नाहीत, दांडी नसते, आडोसा नसतो, माती नसते. तरीही ती तारेच्या जाळीवर अंग टाकून, धूळ नसतानाही धुळीत लोळण्याचे सगळे हावभाव करते. पिंजऱ्याबद्दलचे कित्येक युक्तिवाद या एका दृश्यापुढे गळून पडतात.

उकरायला काही नसलं की टोचण्याची ती ऊर्मी शेजारणीच्या पिसांकडे वळते. मग पिसं उपटली जातात, रक्त निघतं. त्यावर उपाय म्हणून पिल्लांच्या चोचीचं टोक तापल्या पात्याने कापतात. चोचीच्या टोकात मज्जातंतू असतात. ते काही नख नव्हे.

याविरुद्धचा आवाज १९६४ साली ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ या पुस्तकाने उठवला. पुढच्याच वर्षी सरकारने नेमलेल्या ब्रँबेल समितीने म्हटलं, की पाळीव जनावराला निदान उभं राहणं, बसणं, वळणं, अंग साफ करणं आणि हातपाय ताणणं एवढं तरी जमलं पाहिजे. युरोपीय संघाने जुने उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. प्राण्याला ज्या पिंजऱ्यात ठेवायचं त्याची लांबी, रुंदी आणि उंची त्याला पुरेशी हालचाल करता येईल एवढी हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याचा आधार घेत विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याबद्दल आणि वाहतुकीबद्दल नियम सुचवले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पिंजऱ्याने अंडं स्वस्त केलं, आणि ज्या घरात दूध परवडत नाही तिथे ते अंडं पोहोचतं. परसातल्या कोंबड्या साऱ्या देशाला अंडी पुरवतील असा दावा कुणी करू नये. पण परसही काही मोडीत निघालेलं नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातल्या निघाल्या. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ तब्बल ४५ टक्क्यांहून जास्त होती. याच काळात व्यावसायिक कोंबड्या जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढल्या.

धनगराचं रान आणि व्हर्जिनियातलं खुराडं

मोकळ्या कोंबडीपालनाचा विषय निघाला की अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या पॉलिफेस फार्मचं नाव निघतं. सॅलटिन कुटुंबाने १९६१ साली ही धुपून गेलेली, घळी पडलेली जमीन घेतली. त्यांचा मुलगा जोएल याने पुढे तिथे कुरणावरच्या कोंबड्यांची पद्धत बसवली. मायकेल पोलन यांच्या २००६ सालच्या ‘द ऑम्निव्होर्स डिलेमा’ या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. दहा बाय बारा फुटांचं, दोन फूट उंचीचं, बिनतळाचं खुराडं आणि आत सत्तर-पंचाहत्तर पक्षी. रोज सकाळी ते एक खुराडंभर पुढे ओढायचं. पक्ष्यांना ताजं गवत आणि किडे मिळतात, कालच्या जागेवर खत पडलेलं असतं, आणि ती जागा मग बराच काळ तशीच सोडायची. अंड्यांच्या कोंबड्या चाकांवरच्या घरात राहतात. गाई एका तुकड्यात चरून गेल्या की तीन-चार दिवसांनी ते घर तिथे नेतात. तोवर शेणात माश्यांच्या अळ्या टपोऱ्या झालेल्या असतात. कोंबड्या त्या टिपतात, शेण विस्कटतात, माश्या कमी होतात.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. गाईंच्या मागे गायबगळे चालताना आपण रोज बघतो. रान खतावण्यासाठी शेतकरी धनगराला बोलावून शेतात मेंढ्या बसवतो, तेव्हा कळप आज या पट्ट्यात आणि उद्या पुढच्या पट्ट्यात बसतो. आणि बिनतळाचं, उचलून पुढे ठेवायचं खुराडं म्हणजे काय? आपलं डालगंच की! पिल्लांवर डालगं टाकणारी आजी आज ते पेंढ्याच्या उडवीपाशी ठेवायची, उद्या गोठ्याच्या कडेला. एकाच जागी ठेवलं तर खाली चिखल होतो आणि पिल्लं हगवणीने मरतात, एवढं ती जाणून होती.

या साऱ्यातलं सूत्र एकच आहे. पक्षी हलता हवा आणि जमीन विसाव्याला हवी. एकाच अंगणात वर्षानुवर्षं कोंबड्या ठेवल्या तर आधी गवत जातं, मग माती उघडी पडते, मग तिच्यात जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे जंतू साठत जातात. अशा अंगणातली कोंबडी मोकळी दिसते खरी, पण ती आपल्याच विष्ठेवर चरत असते.

शंभर कोंबड्या, सोळा गुंठे

हिशोब करू. युरोपात ‘मुक्त संचार’ म्हणवून घ्यायला एका कोंबडीमागे बाहेरची चार चौरस मीटर जागा द्यावी लागते. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणून शंभर कोंबड्यांना चार गुंठे लागतात. असे चार तुकडे पाडले तर एकूण सोळा गुंठे झाले. दर दोन आठवड्यांनी तुकडा बदलला की प्रत्येक तुकड्याला सहा आठवड्यांची विश्रांती मिळते. उन्हाने जंतू बरेच मरतात, गवत पुन्हा धरतं. एवढी जागा सलग नसली तरी चालते. आमराई, नारळीची बाग, काजूची लागवड, शेवग्याची रांग, सगळीकडे कोंबड्या हिंडू शकतात. फक्त भाजीचे वाफे आणि नवं आळं केलेली रोपं त्यांच्यापासून वाचवावी लागतात. कोंबडीला आळं म्हणजे तिच्यासाठीच मांडलेलं पान वाटतं.

रात्रीचं खुराडं त्यामानाने लहान पुरतं, पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट. पण त्यात बारकावे असतात. जमिनीपासून उचललेलं असावं, म्हणजे कोकणातल्या पावसातही तळ कोरडा राहतो. खाली भाताच्या तुसाची जाड गादी हवी. ती अधूनमधून हलवली तर वास येत नाही, आणि नंतर उत्तम खत होतं. दांड्या मनगटाएवढ्या जाड, प्रत्येकीला वीतभर जागा. पाच-सहा कोंबड्यांमागे अंड्यांसाठी एक अंधारी खोपटी. हवा छताजवळून खेळावी, दांड्यांच्या पातळीवरून झोत नको. खुराड्यातून अमोनियाचा वास आपल्या नाकाला झोंबला, तर रात्रभर आत बसणाऱ्या फुप्फुसांचं काय होत असेल ते ओळखावं.

नव्या तलंगा आणल्या की पहिले सात-आठ दिवस खुराड्यातच ठेवाव्यात. घर कुठलं हे एकदा डोक्यात बसलं की पुढे संध्याकाळी हाकलावं लागत नाही. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे ऊन उतरलं की ती आपणहून घराकडे वळते.

घार वरून बघते

मोकळी जमीन दिली की कोंबड्या तिच्यावर पसरतील, हा माणसाचा समज आहे. डॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या मुक्त संचार ब्रॉयलर फार्मांवर केलेल्या पाहणीत दिवसाच्या कुठल्याही वेळी कळपातले पंधरा टक्क्यांहून कमी पक्षी बाहेर दिसले. दार उघडं होतं, तरी ते आतच. बाहेर जास्त पक्षी कुठे दिसले? जिथे झाडं होती तिथे. सपाट हिरवळ आपल्याला रम्य वाटते. जंगलातून आलेल्या पक्ष्याला ती घारीने वाढलेली पंगत वाटते.

म्हणून कुरणाआधी सावली लावावी. शेवगा, शेवरी, हादगा ही झाडं भराभर वाढतात. त्यांचा पाला जनावरांना होतो, आणि खाली कोंबड्यांना आडोसा मिळतो. सावलीचा दुसरा उपयोग जीव वाचवण्याचा आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. विदर्भात पारा ४५ अंशांना टेकला की ती चोच उघडून धापा टाकते, कारण अंगातली उष्णता बाहेर काढायचा तिच्याकडचा तोच मुख्य मार्ग. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवच बनायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि अंड्याचं कवच पातळ होतं. उन्हाळ्यात पातळ कवचाचं अंडं दिसलं तर आधी सावली आणि गार पाणी पाहावं, टॉनिकच्या बाटल्या नंतर.

शत्रूंची यादी प्रत्येक गावाची वेगळी. दिवसा घार, शिक्रा आणि मुंगूस, रात्री रानमांजर आणि कोल्हा, पिल्लांवर साप, आणि सगळीकडे, सगळ्यांत जास्त, भटकी कुत्री. कोकणात मासेमारीची जुनी जाळी वाड्यावर ताणतात, ती घारीला पुरते. मुंगसासाठी मात्र जाळी बारीक भोकांची लागते आणि ती वीतभर मातीत पुरावी लागते. कळपात एखादा जागरूक कोंबडा असला तर तो वरून येणाऱ्या शत्रूसाठी एक हाक देतो आणि जमिनीवरून येणाऱ्यासाठी वेगळी. कोंबड्या त्या ओळखून त्याप्रमाणे दडतात.

गवताने पोट भरत नाही

‘मोकळ्या कोंबड्यांना खाद्य लागत नाही’ हे वाक्य जिथे ऐकाल तिथून उठून जावं. कोंबडी गाय नव्हे. गवतातला तंतू पचवणारं पोट तिच्याकडे नाही. कोवळं गवत, बी, वाळवी, नाकतोडे, गांडुळं यांनी तिला जीवनसत्त्वं आणि थोडी प्रथिनं मिळतात. पण अंडी हवी असतील तर पक्ष्यामागे रोज १०० ते १२० ग्रॅमपर्यंत खाद्य धरूनच चालावं लागतं. शंभर कोंबड्यांना दिवसाला दहा-बारा किलो. चराई जितकी चांगली तितकी त्यात बचत, आणि ती ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात रान किड्यांनी भरलेलं असतं, वैशाखात काहीच नसतं. पाणी खाद्याच्या दुप्पट, उन्हाळ्यात त्याहून जास्त. कुक्कुटपालनाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. म्हणून घरचा मका, ज्वारी, तांदळाची कणी, डाळीची चुणी, शेंगदाण्याची पेंड हे जुळवता येतं का, यावर सगळा धंदा ठरतो.

पिल्लांसाठी गावोगावची एक जुनी युक्ती आहे. मडक्यात ओलं शेण आणि पोत्याचे तुकडे भरून ते वारुळाजवळ रात्रभर पालथं घालायचं. सकाळी ते वाळवीने भरलेलं मिळतं. पिल्लं त्यावर तुटून पडतात.

चुन्याचंही एक तंत्र आहे. अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच बनण्यात जातात, तेही बहुतांशी रात्री. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात, विशेषतः संध्याकाळी, समोर असावा. तो पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्रभर पुरतो. ज्या कोंबडीला गरज आहे ती खाते, बाकीच्या सोडून देतात.

मानमोडी

मोकळ्या कळपाला सगळ्यांत मोठा धोका कोल्ह्याचा नाही, रोगाचा आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये १९२६ साली नोंदवलेला रोग आपल्याकडे उत्तराखंडमधल्या राणीखेतच्या नावाने ओळखला जातो. खेड्यात त्याला मानमोडी म्हणतात, कारण आजारी पक्ष्याची मान पिळवटते. लस न दिलेल्या कळपात हा रोग शिरला तर आठवड्याभरात खुराडं रिकामं होतं. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यायची. अडचण अशी, की लसीची कुपी निदान शंभर पक्ष्यांसाठी असते आणि फोडल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. यावर उपाय म्हणजे वाडीने एक दिवस ठरवावा आणि सगळ्या घरांनी एकाच वेळी लस द्यावी. एकाच्याच कोंबड्यांना लस देऊन भागतही नाही. कुंपण नसलेल्या गावात रोगालाही कुंपण नसतं.

बर्ड फ्लूची आठवण महाराष्ट्राला वेगळी करून द्यायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला त्याचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला नोंदवला गेला आणि लाखो पक्षी मारावे लागले. रानपक्षी आणि मोकळ्या कोंबड्या यांची गाठ पडते, हा या पद्धतीतला खरा कच्चा दुवा आहे, आणि तो कबूल करूनच पुढे जावं. दाणापाणी छताखाली द्यावं, बदकं वेगळी ठेवावीत, तळ्याच्या काठी चरायला सोडू नये, बाजारातून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे निराळा ठेवावा. साथीचा इशारा मिळाला तर काही आठवडे दार बंद ठेवावं. मोकळं ठेवणं हे व्रत नाही की मोडलं तर पाप लागेल.

कोणती कोंबडी, आणि नरांचं काय

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एक प्रयोग झाला. १९५७ च्या वाणाची आणि २००५ च्या वाणाची कोंबडी एकाच खाद्यावर छप्पन्न दिवस वाढवली. जुनी ९०५ ग्रॅमची झाली, नवी ४,२०२ ग्रॅमची. एवढं मांस एवढ्या वेगाने चढलं की पाय आणि हृदय मागे पडतात. असा पक्षी कुरणावर सोडला तरी तो खाद्याच्या भांड्याशेजारी बसून राहतो. मोकळीक द्यायची तर मोकळीक वापरू शकणारा पक्षी निवडावा लागतो.

असील काटक आणि लढाऊ. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागाच्या काळ्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. साधी गावरान वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, पण शत्रू ओळखते, झाडावर चढते आणि मुख्य म्हणजे खुडूक बसते. बंगळूरची गिरिराज आणि हैदराबादची वनराजा परसासाठीच तयार केलेल्या. अंडी जास्त, वजन चांगलं, पण अंड्यांवर बसायची ओढ कमी. म्हणून जाणती घरं दोन्ही ठेवतात. अंडी सुधारित कोंबडीची, आणि उबवायला गावरान आई. एका खेपेला दहा-बारा अंडी, एकवीस दिवस. मशीन पिल्लू बाहेर काढून देतं, पण घार दिसल्यावर पंखाखाली कसं पळायचं हे शिकवत नाही.

दुहेरी उपयोगाच्या या जातींमुळे एक मोठा नैतिक पेचही सुटतो. अंड्यांच्या व्यावसायिक वाणातला नर ना अंडी देतो ना मांस, म्हणून जगभरच्या हॅचरीत तो पहिल्याच दिवशी मारला जातो. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. गावरान नराला मात्र पहिल्यापासून किंमत आहे. जत्रेच्या दिवसांत तर कोंबडीहून जास्त.

आणि शेवटची सुरी? दयेने पाळलं आणि क्रूरपणे मारलं, तर आधीचं सारं वाया. पाय धरून उलट्या लटकवलेल्या कोंबड्यांनी भरलेली मोटारसायकल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पक्षी अंधारात पकडावा, म्हणजे तो घाबरत नाही. दोन्ही पंखांवरून हात घालून छातीशी धरावा. इतरांच्या डोळ्यांसमोर मारू नये. काम एका झटक्यात, धारदार पात्याने व्हावं. हे करायला हात कापत असेल तर ते काही वाईट लक्षण नाही.

गिऱ्हाइकाने काय विचारावं

बाजारात तपकिरी अंडं ‘गावरान’ म्हणून जास्त भावाने खपतं. कवचाचा रंग जातीवर ठरतो. पिंजऱ्यातली कोंबडीही तपकिरी अंडं देते आणि कित्येक मोकळ्या कोंबड्या पांढरंच देतात. गडद केशरी बलक हाही पुरावा नाही. तो रंग हिरव्या पाल्यातून येतो, तसा खाद्यात मिसळलेल्या झेंडूच्या अर्कातूनही येतो. एक फरक मात्र मोजता आला आहे. २०१४ साली जर्मनीतल्या अभ्यासात उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात ड जीवनसत्त्व आत कोंडलेल्यांपेक्षा तीन ते चार पट आढळलं. ‘गावरान’ हा शब्द जातीबद्दल बोलतो, पाळण्याबद्दल नाही. त्यामुळे विकणाऱ्याला रंग विचारू नये. कोंबड्या दिवसा कुठे असतात, जागा कधी बदलता, मी येऊन बघू का, हे विचारावं. तिसऱ्या प्रश्नाला हसून ‘या की’ म्हणणाऱ्याकडून दोन रुपये जास्त देऊन अंडी घ्यावीत. कित्येक घरांत ते पैसे थेट बाईच्या हातात पडतात. पोरांच्या वह्या आणि एसटीचं भाडं त्यातून निघतं.

या सगळ्याचा भार अखेर एका दारावर येतो. दिवेलागणीला कोंबड्या एकेक करून खुराड्यात शिरतात, दांडीवरच्या जागेसाठी थोडी ढकलाढकली करतात आणि गप्प होतात. मग कुणीतरी त्या मोजून कडी लावायची असते. लग्न असो, पालखी असो, अंगात ताप असो, रोज संध्याकाळी. तीनशे चौसष्ट दिवस कडी लागली आणि एक दिवस राहिली, तर कोल्ह्याला तो एकच दिवस पुरतो. डालगं उचलायचं, तुकडा बदलायचा, पाणी बदलायचं, मोजायचं, कडी लावायची. कोंबडीचं मोकळेपण या पाच कामांवर उभं असतं, आणि त्यांना सुट्टी नसते.

कधी मोजणीत एक कमी भरते. बॅटरी घेऊन कुंपण धुंडाळावं लागतं, पिसं सापडतात का बघावं लागतं. काहीच सापडत नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. घरचे तिचं नाव सोडून देतात. आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी सरपणाच्या ढिगामागून ती पिसं फुलवून, तोऱ्यात बाहेर येते, मागे नऊ पिल्लं. त्या संध्याकाळी कडी लावताना मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.